बी-टू झालं, आता एकोणिसावं शतक जर्मनमधून वाचायचंय?

जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास झाल्याच्या उत्साहात मी एकोणिसाव्या शतकाचा जाडजूड जर्मन इतिहास मूळ भाषेतून वाचायला घेतला. पहिल्या दहा पानांना दोन आठवडे लागले. तुमचंही तसंच होईल, पुस्तक मिटू नका.

लांबलचक वाक्यांची सगळे भीती घालतात, पण ती मराठी माणसाला तितकी जड नाहीत. '1819 साली कार्ल्सबाडला ठरलेले निर्बंध' अशी नामाआधी सगळा लवाजमा चालवणारी रचना जर्मनमध्येही असते. पोटवाक्यात क्रियापदही शेवटीच. मनात इंग्रजी करत बसलात की अडकलात.

अडतं ते शब्दांवर. 'ब्युर्गर' म्हणजे नागरिक, असं कोशात पाहून मी पुढे गेलो आणि अख्खं प्रकरण डोक्यावरून गेलं. तो कधी शहरात हक्क असलेला रहिवासी, कधी राज्याचा नागरिक, तर कधी सरदारही नाही नि मजूरही नाही असा मधला वर्ग: वकील, प्राध्यापक, व्यापारी, कारखानदार. आपला 'पांढरपेशा' जवळ येतो, पण कारखानदार त्यात बसत नाही. अशा शब्दांची वेगळी वही करा, पान क्रमांकासकट.

माझी खरी चूक वेगळीच होती. आधी राजकारण उरकू, संस्कृतीची प्रकरणं नंतर, असं मी ठरवलं. 1815 चा जर्मन राज्यसंघ, 1834 चा जकातसंघ, 1848 ची फ्रांकफुर्टची संसद, 1871 चं साम्राज्य... सनावळी पाठ झाली, हाती काही लागलं नाही. मग सेन्सॉरचा नियम वाचनात आला. जर्मन राज्यांनी 1819 साली कार्ल्सबाड गावी ठरवलेल्या त्या निर्बंधांनुसार 20 फर्म्यांपर्यंतचा, म्हणजे साधारण 320 पानांपर्यंतचा मजकूर छापण्याआधी तपासून घ्यावा लागे. त्याहून जाड ग्रंथ सुटत. ते सामान्यांच्या हाती कुठले पडायला! 1843 मध्ये कवी गेओर्ग हेर्वेगने स्वित्झर्लंडमधून काढलेल्या संग्रहाचं नावच 'स्वित्झर्लंडहून एकवीस फर्मे' ठेवलं. सरकारला वाकुल्या दाखवणं म्हणतात ते हे. तेव्हापासून राजकारणाच्या प्रकरणाला जोडून त्याच दशकातलं साहित्य-वृत्तपत्रांचं प्रकरण वाचतो.

सहा महिन्यांनी जुनी वर्तमानपत्रं उघडा. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने असंख्य अंक इंटरनेटवर फुकट ठेवलेत. तिथे फ्राक्टुर हा जुना टोकदार जर्मन टाइप भेटतो. त्यातला लांब 'एस' अगदी 'एफ'सारखा दिसतो, म्हणून मी 'हाउझे' (घरी) सगळीकडे 'हाउफे' (ढीग) वाचत होतो आणि ही माणसं सारखी ढिगात काय करतात, कळेना. 1901 पूर्वीच्या स्पेलिंगमध्ये 'टी'नंतर जादा 'एच'ही असतो. शब्द कोशात मिळाला नाही तर तो काढून बघा.

कुरंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वाटेला मात्र पहिल्या वर्षी जाऊ नका. चार ओळींच्या एका पत्रात माझा अख्खा रविवार गेला, आणि निघालं काय, तर बटाट्यांचा भाव.