सबवूफरचा आवाज डिकीतून येतोय असं वाटत होतं, तो असा बसवला

बास भरपूर होता, पण गाणाऱ्याचा खर्जही मागून, डिकीतून ऐकू यायचा. ॲम्प्लिफायरवरचा लो-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झच्या खालचेच सूर सबवूफरकडे जाऊ देणारा) १२० हर्ट्झच्या आसपास होता. एवढ्या वरच्या सुरांची दिशा कानाला कळते. तो ८० वर आणला आणि दारातल्या स्पीकरांचा हाय-पासही (वरचेच सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० वर ठेवला.

तरी सब आणि दारातले स्पीकर जिथे जुळतात, तो मधल्या सुरांचा भाग पोकळच वाटे. स्टिरिओच्या मेनूतही सबचा लो-पास चालू निघाला! दोन्हीकडे १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह उतार (फिल्टर सूर किती झपाट्याने कापतो ते) असेल तर एकत्र २४ होतो, शिवाय फेजही (ध्वनिलहरींचा ताळमेळ) सरकते. स्टिरिओतला बंद केला, ॲम्पवरचा ठेवला.

माझा सबचा बॉक्स पोर्टवाला (हवेसाठी तोंड ठेवलेला), ३५ हर्ट्झला ट्यून केलेला. ट्यूनिंगच्या बऱ्याच खाली गेलं की आतली हवा कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) आवर घालत नाही. आवाज फारसा वाढत नाही, कोन मात्र वेडावाकडा हलतो. म्हणून सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) २८ वर. सीलबंद बॉक्समध्ये आतली हवाच स्प्रिंगसारखं काम करते, तिथे याची निकड कमी.

बास बूस्ट शून्यावर. माझ्या मते ते बटण नसतं तरी चाललं असतं.

मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून ८० हर्ट्झचा टोन लावला आणि मदतनीसाला फेजचा स्विच ० आणि १८० असा फिरवायला सांगितलं. १८० ला टोन स्पष्टपणे भरीव झाला. गेन (ॲम्पवरची सबच्या आवाजाची पातळी) सगळ्यात शेवटी लावला, दारातल्या स्पीकरांशी जुळेल इतकाच.