मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत

मोठ्या संख्येचे गुणधर्म एकेक करून तपासत बसण्यापेक्षा प्रथम तिचे मूळ अवयव पाडावेत, कारण विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या पूर्ण वर्ग आहे का, या सर्व प्रश्नांची उत्तरे त्या अवयवांतूनच मिळतात. उदाहरणासाठी ९८,७६,५४,३२१ ही संख्या घेऊ.

एककस्थानी १ असल्यामुळे २ आणि ५ बाद होतात. अंकांची बेरीज ४५ असल्याने ९ ने निःशेष भाग जातो व भागाकार १०,९७,३९,३६९ येतो. त्याच्या अंकांची बेरीज ४७, म्हणून ३ ने पुन्हा भाग जाणार नाही.

७, ११ आणि १३ यांची परीक्षा एकदमच करता येते आणि ही रीत मला फार सुंदर वाटते. या तिघांचा गुणाकार १००१ आहे, त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने मिळवले व वजा केले, तर येणाऱ्या लहान संख्येला आणि मूळच्या मोठ्या संख्येला या तिघांनी भागल्यावर सारखीच बाकी उरते. येथे ३६९ − ७३९ + १०९ = −२६१ आणि २६१ ला तिघांपैकी कोणीही भागत नाही.

१७ ने मात्र भाग जातो: ६४,५५,२५७. ज्याने एकदा भाग गेला त्याने पुन्हा भागून पाहावे, ही पायरी घाईत हमखास सुटते. येथे पुन्हा भाग जातो आणि ३,७९,७२१ उरतात.

आता नवी मर्यादा ठरवावी. संख्या मूळ नसेल, तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. ३,७९,७२१ चे वर्गमूळ सुमारे ६१६.२ आहे, म्हणून १७ ने तिसऱ्यांदा भाग जात नाही हे पाहून १९ ते ६१३ या १०५ मूळ संख्याच तपासायच्या राहतात. काम कंटाळवाणे आहे, परंतु ते पूर्ण केल्यावरच ३,७९,७२१ ही मूळ संख्या आहे असे खात्रीने म्हणता येते.

म्हणून ९८,७६,५४,३२१ = ३² × १७² × ३,७९,७२१. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजक मिळतात: ३ × ३ × २ = १८. त्यांची बेरीज (१ + ३ + ३²) × (१ + १७ + १७²) × (१ + ३,७९,७२१), म्हणजे १३ × ३०७ × ३,७९,७२२ = १,५१,५४,७०,५०२ येते; ती संख्येच्या दुपटीहून कमी असल्याने ही न्यून संख्या ठरते. शेवटच्या अवयवाचा घातांक विषम असल्याने ती पूर्ण वर्ग नाही.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ती मांडता येईल का, हेही अवयवच सांगतात. ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असला पाहिजे. येथे असा अवयव फक्त ३ आहे व त्याचा घातांक २ आहे, म्हणजे मांडणी शक्य आहे. ३,७९,७२१ मधून सम संख्यांचे वर्ग क्रमाने वजा करत गेल्यास ८० पाशी ६११² सापडतो; दोन्हींना ५१ ने गुणले की ३१,१६१² + ४,०८०² = ९८,७६,५४,३२१.