सोसायटीतला हायड्रंट आणि होज रील: या चुका टाळा

इमारतीला हायड्रंटच (आग विझवण्याच्या पाण्याची नळजोडणी) नव्हता म्हणून आग पसरली, असं माझ्या पाहण्यात फार कमी वेळा आलंय. बहुतेक ठिकाणी सगळं असतं. लाल पाईप असतो, मजल्यामजल्यावर लँडिंग व्हॉल्व्ह म्हणजे होज जोडायचा नळ असतो, काचेच्या पेटीत होज म्हणजे कापडी पाईप असतो, जिन्याशेजारी होज रील म्हणजे चाकावर गुंडाळलेला रबरी पाईप असतो, खाली पंपरूम असते. नसतं ते पाणी. 2022 च्या जानेवारीत ताडदेवच्या वीस मजली इमारतीला लागलेल्या आगीत माणसं गेली. तिथेही यंत्रणा बसवलेली होती, पण चालू नव्हती, असंच नंतर समोर आलं.

मी याच यंत्रणांच्या देखभालीचं काम करतो. इमारत बदलते, चुका बदलत नाहीत. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

आधी जबाबदारीचं बोलू, कारण मीटिंगमध्ये पहिलं वाक्य हमखास येतं, "ते बिल्डरनं करायला हवं होतं." महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीची यंत्रणा कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची आहे. म्हणजे ताबा मिळाल्यावर सोसायटीची. दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा देखभालीचा दाखला, घेऊन तो अग्निशमन विभागाला द्यावा लागतो. कोणत्या उंचीच्या आणि वापराच्या इमारतीत काय हवं ते नॅशनल बिल्डिंग कोडच्या चौथ्या भागात आहे. इमारतीच्या आतले हायड्रंट आणि होज रील कसे बसवायचे, कसे सांभाळायचे ते आयएस 3844 मध्ये आहे. तुमच्या इमारतीला नेमकं काय लागू आहे ते फायर एनओसीवर, म्हणजे अग्निशमन विभागाच्या ना-हरकत दाखल्यावर लिहिलेलं असतं. ती एनओसी ज्या फाईलमध्ये आहे ती फाईल शोधा, आजच.

बंद ठेवलेला व्हॉल्व्ह

ही माझ्या मते सगळ्यात घातक चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारी.

ठाण्यातली एक अकरा मजली सोसायटी. तिथे डाउनकमर पद्धत आहे, म्हणजे गच्चीवर टाकी, टाकीजवळ पंप आणि तिथून खाली उतरणारा पाईप. दिवाळीच्या रात्री दहाव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत रॉकेट शिरलं. बाल्कनीत जुनी गादी आणि टीव्हीचे खोके रचलेले होते, ते पेटले. त्या मजल्यावरच्या पोरांनी खरंच सगळं बरोबर केलं. पेटी उघडली, होज पूर्ण पसरला, कपलिंग व्हॉल्व्हला दाबून बसवलं, पुढे ब्रँच पाईप, म्हणजे पाणी मारायचं पितळी तोंड, लावला. एकानं धावत खाली जाऊन गच्चीवरच्या पंपाचं बटण दाबलं. गच्चीवर पंप सुरू झाल्याचा आवाज वरच्यांना ऐकू आला. व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला. आतून फक्त हवा सुटली, मग तीही थांबली.

सकाळी मला बोलावलं. पंपाच्या पुढच्या गेट व्हॉल्व्हचा स्पिंडल (मधला दांडा) पूर्ण खाली बसलेला होता, म्हणजे व्हॉल्व्ह बंद होता, आणि चाकाला सुतळी गुंडाळलेली होती, चुकून कुणी उघडू नये म्हणून. पावसाळ्याआधी चौथ्या मजल्यावरचा लँडिंग व्हॉल्व्ह ठिबकत होता. प्लंबरनं वरून लाईन बंद केली, "नंतर वायसर टाकतो" म्हणाला, आणि ते नंतर कधी आलंच नाही. पंप त्या बंद व्हॉल्व्हवर डोकं आपटत फिरत राहिला होता. पाणी आतल्या आत घुसळून बॉडी इतकी तापली की वरचा रंग फुगून आला होता. अग्निशमन दलानं खालच्या इनलेटमधून, म्हणजे दलाचा होज जोडायच्या तोंडातून, पाणी चढवलं तेव्हा होजला पाणी आलं, कारण इनलेट त्या व्हॉल्व्हच्या पलीकडे जोडलेला होता. तोपर्यंत आग बाल्कनीतून हॉलमध्ये आली होती आणि हॉल गेला. माणसं बाहेर पडली होती, हे त्या कुटुंबाचं नशीब.

त्या सोसायटीच्या फाईलमध्ये जुलैचा फॉर्म बी होता. सही, शिक्का, सगळं. व्हॉल्व्ह तेव्हाही बंदच होता.

माझी पद्धत सांगतो. मी तपासणीला गेलो की आधी पंपरूममध्ये जात नाही, सगळ्यात वरच्या मजल्यावर जातो. आधी पंपरूममध्ये गेलं की कुणीतरी पुढे धावतो, स्विच जागेवर आणतो, व्हॉल्व्ह उघडतो, आणि मला जे बघायचं असतं तेच दिसत नाही. वर जाऊन लँडिंग व्हॉल्व्हला गेज लावायचा आणि पाणी सोडून बघायचं. सर्वात दूरच्या हायड्रंटला साडेतीन किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाब मिळायला हवा. डाउनकमरमध्ये वरच्या मजल्यांना टाकीच्या उंचीचा दाब जवळपास मिळतच नाही, कारण एक किलो दाबासाठी साधारण दहा मीटर उंची लागते. म्हणून तिथे गच्चीवरचा पंप चालून पाणी होजपर्यंत पोचतंय का, एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा आहे.

मुख्य लाईनवरचे सगळे व्हॉल्व्ह मी उघड्या स्थितीत साखळी आणि कुलूप लावून ठेवतो. चावी वॉचमनच्या केबिनमध्ये. दुरुस्तीसाठी बंद करायचा असेल तर रजिस्टरमध्ये नाव, तारीख, वेळ, आणि त्याच दिवशी उघडल्याची सही. बटरफ्लाय व्हॉल्व्ह असेल तर लांबूनही कळतं, दांडा पाईपच्या रेषेत म्हणजे उघडा, आडवा म्हणजे बंद. ठिबकणाऱ्या लँडिंग व्हॉल्व्हचं दुखणं बहुतेक वेळा वायसरचं असतं. तासाभराचं काम. ते टाळण्यासाठी अख्खी लाईन मारणाऱ्या प्लंबरला मी पुन्हा त्या पाईपला हात लावू देत नाही, मग सेक्रेटरींना राग आला तरी चालेल.

पॅनल मॅन्युअलवर

ज्या इमारतीत वेट रायझर आहे, म्हणजे खालून वर चढणारा पाईप आहे, तिथे तो पाईप कायम पाण्यानं भरलेला आणि दाबाखाली असतो. दाब थोडा उतरला की छोटा जॉकी पंप तो भरून काढतो. कुणी हायड्रंट उघडला की दाब झपकन उतरतो आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो. वीज नसेल तर डिझेलचा. हे सगळं पंपाचं कंट्रोल पॅनल ऑटोवर असेल तरच.

आता होतं काय, की कुठेतरी गळती असते आणि जॉकी दर दहा-पंधरा मिनिटांनी सुरू होतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंची झोप मोडते. तक्रार येते आणि वॉचमन रात्री स्विच मॅन्युअलवर टाकतो. सकाळी परत टाकायला कुणाच्या लक्षात राहत नाही. काकूंची तक्रार योग्यच आहे, पण उपाय चुकीच्या जागी केला. जॉकी वारंवार चालतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) बघा, मग पंपाची ग्लँड (दांड्याभोवतीचं पॅकिंग), मग होज रीलचे नोझल, मग जमिनीखालचा पाईप. शेवटचा निघाला तर खर्च मोठा आहे आणि तो करावाच लागतो. जमिनीतला पाईप सडला म्हणून मधे पीव्हीसीचा तुकडा जोडलेला मी पाहिलाय. पंपाचा दाब आला की तो तुकडा पहिल्यांदा सुटतो.

मुख्य पंप आपोआप सुरू व्हायला हवा, पण बंद मात्र माणसानंच करायला हवा. पंपानं मधेच आपोआप बंद व्हावं अशी "सोय" करून देणारा इलेक्ट्रिशियन दिसला तर नम्रपणे नको म्हणा.

याला जोडून आणखी एक. आग लागली की कुणीतरी शहाणपणानं इमारतीचा मेन स्विच पाडतो. ते बरोबरच आहे. पण पंपाची वीज त्याच मेननंतर घेतलेली असेल तर पंपही गेला. पंपाचा फीडर, म्हणजे विजेची लाईन, वेगळा हवा, बाकी सगळं पाडलं तरी चालू राहणारा. एका रविवारी दुपारी मेन पाडून पंप चालतो का ते बघा. लोक कुरकुरतील, दहा मिनिटांचा प्रश्न आहे.

टाकीतलं पाणी वापरून टाकणं

उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांचं दुःख मला कळतं. तरीही हे लिहितो. टाकी एकत्र असेल तर घरगुती वापराचा पाईप मुद्दाम वरच्या पातळीवर काढलेला असतो. त्याच्या खालचं पाणी आगीसाठी राखीव. टाक्या वेगळ्या असतील तर आधी आगीची टाकी भरते आणि ती ओसंडून पाणी घरगुती टाकीत जातं, म्हणजे पाणी शिळंही होत नाही. एप्रिल-मे महिन्यात प्लंबर येतो आणि घरगुती पाईप तळाला उतरवतो, किंवा मधल्या भिंतीला भोक पाडतो. पाणी पुरतं, सगळे खूश होतात, आणि ते भोक पुढे वर्षानुवर्षं तसंच राहतं. गच्चीवर जा, झाकण उघडा, आत टॉर्च मारा. भोक दिसेल.

होज रील आणि होज यांत गल्लत

होज रीलचा रबरी पाईप दाबला जात नाही. त्यामुळे तो गुंडाळलेला असतानाही त्यातून पाणी येतं. आधी रीलचा व्हॉल्व्ह उघडायचा, हवा तेवढाच पाईप ओढायचा, नोझल उघडायचं. एक माणूस हे करू शकतो, साडी नेसलेली बाई करू शकते, कॉलेजातला मुलगा करू शकतो. छोट्या आगीला पहिला हात याचाच. म्हणूनच मी प्रत्येक मजल्यावर एका तरी बाईला रील ओढायला लावतो. दुपारी घरात त्याच असतात, आणि ड्रिलला मात्र फक्त पुरुष येतात.

हायड्रंटचा कापडी होज मात्र चपटा असतो. तो पूर्ण पसरल्याशिवाय पाणी सोडलं तर पीळ पडतो आणि पाणी अडतं. त्याला दोन माणसं लागतात, एक ब्रँच पाईप घट्ट धरून पाय रोवून उभा आणि दुसरा व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. घाईत एकदम उघडला की ब्रँच पाईप हातातून सुटतो आणि पितळेचा तो तुकडा माणसाचा जबडा फोडू शकतो. नवीन पोरांना सगळ्यात आधी पाणी उडवायचं असतं. मी त्यांना आधी कपलिंग बसवायला लावतो, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत, पुन्हा पुन्हा. कंटाळतात. पण न बसलेलं कपलिंग दाब आल्यावर सुटतं.

रीलची जोडणी थेट रायझरवरून हवी, घरगुती लाईनवरून नाही. आणि रीलनं पार्किंग धुणं, गाड्या धुणं बंद करा. नोझल गळकं होतं, राखीव पाणी जातं, आणि जॉकी रात्रभर चालतो तो यामुळेही.

बाकीच्या, थोडक्यात

पितळी नोझल आणि ब्रँच पाईप चोरीला जातात म्हणून पेटीला कुलूप लावून चावी सेक्रेटरींच्या घरी ठेवू नका. चावी पेटीशेजारीच काचेआड हवी.

हायड्रंटच्या डक्टमध्ये, म्हणजे पाईपच्या कपाटात, चपलांचा स्टँड, सायकल, कुंड्या नकोत. लिफ्ट लॉबीच्या सुशोभीकरणात हायड्रंट लाकडी पॅनेलिंगमागे गेला असेल तर पॅनेलिंग काढा, यावर चर्चा नको.

वापरलेला होज वाळवल्याशिवाय गुंडाळू नका, आतून कुजतो.

गेटजवळच्या अग्निशमन इनलेटसमोर गाडी लावू देऊ नका. त्याची झाकणं गेली असतील तर आधी आत हात घालून बघा. मी त्यातून दगड, गुटख्याच्या पुड्या आणि एकदा टेनिसचा बॉल काढलाय.

मीटर रूमच्या आगीवर पाणी मारू नका. तिथे सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) सिलेंडर हवा.

डिझेल पंप दर आठवड्याला सुरू करून बघा. नाही बघितला तर बॅटरी उतरते.

फॉर्म बी कसा घ्यावा

"व्हिजिटची गरज नाही, फोटो पाठवा, फॉर्म मिळेल," असं सांगणाऱ्याला कामच देऊ नका. कोटेशन मागताना लेखी अट घाला, की सर्वात वरच्या आणि सर्वात दूरच्या हायड्रंटवर सोसायटीच्या दोन सभासदांसमोर पाणी सोडायचं, गेजवरचा आकडा दोघांनी वाचायचा आणि तो रिपोर्टवर लिहायचा. पंप ऑटोवर सुरू झाला का, मेन पाडल्यावर चालला का, टाकीची पातळी किती होती, हेही त्याच कागदावर. या अटी वाचून काही जण कोटेशन देणारच नाहीत. जे देतील त्यांच्यातूनच निवडा, आणि तपासणीच्या दिवशी गच्चीची आणि पंपरूमची चावी वॉचमनकडे आहे ना, ते आदल्या रात्रीच बघून ठेवा.