आधी अख्खा अल्बम ऐका, मग घ्या

अल्बम घ्यायचाय, पण पैसे वाया जातील अशी धाकधूक वाटते? बँडकँप या संगीत विकणाऱ्या वेबसाइटवर बरेचसे अल्बम आधी फुकट, पूर्ण लांबीचे ऐकता येतात. पहिल्या गाण्यावरून ठरवू नका, ते बहुधा सगळ्यात आकर्षकच निवडलेलं असतं. मधली दोन-तीन ऐका, आणि कृपा करून हेडफोन लावून. तंबोऱ्याची आस, डग्ग्याचा घुमारा मोबाइलच्या स्पीकरवर पार हरवतो. काही अल्बम ठरावीक वेळा ऐकून झाले की खरेदीबद्दल विचारणा होते. तोवर आपला निर्णय झालेला असतो. घेतलाच, तर एमपी३ऐवजी फ्लॅक फाइल उतरवा. जागा जास्त लागते, पण आवाजातलं काहीच कापलेलं नसतं. शिवाय तुमच्या पैशांतला बराच मोठा वाटा कलाकाराला किंवा त्याच्या लेबलला, म्हणजे संगीत कंपनीला मिळतो.