ए-नंबर घरच्यांकडेही असू द्या

अमेरिकेत इमिग्रेशनवाल्यांनी कुणाला ताब्यात घेतलं, तर सहसा सरकार फुकट वकील देत नाही. धावपळ घरच्यांनाच करावी लागते. त्यासाठी आधी हवा ए-नंबर, म्हणजे अमेरिकन सरकार परदेशी माणसाला देतं तो नोंदणी क्रमांक. ग्रीन कार्डावर किंवा वर्क परमिटवर ‘यूएससीआयएस नंबर’ म्हणून नऊ आकडे छापलेले असतात, तोच हा. फोटो काढून घरी पाठवून ठेवा. तो नंबर आणि जन्मदेश टाकला की आईसच्या (ICE, म्हणजे ताब्यात घेणाऱ्या इमिग्रेशन खात्याच्या) ऑनलाइन लोकेटरवर माणूस कुठे ठेवलाय ते बहुधा सापडतं. फुकट केस लढणाऱ्यांची राज्यवार यादी इमिग्रेशन कोर्टाच्याच साइटवर आहे. ‘सगळं करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी अजिबात लागू नका. आतून फोन आलाच तर पहिलं हे सांगा: वकिलाशी बोलल्याशिवाय ‘स्वखुशीने परत जातो’ असल्या कागदावर सही नको. भारतीय कॉन्सुलेटला कळवा, अशी मागणीही करता येते.