इंग्रजी विशेषण निवडताना आधी नाम धरावे

वही, पेन आणि रोजचे इंग्रजी वर्तमानपत्र एवढी तयारी पुरेशी आहे. त्यातील एकच बातमी निवडावी, शक्यतो मुंबईच्या पावसाची, कारण तिचा विषय आपल्याला आधीच ठाऊक असतो. बातमीतील विशेषण आणि नाम यांच्या जोड्या अधोरेखित कराव्यात. ‘न्यू शर्ट’, ‘रेड बॅग’ यांसारख्या मोकळ्या जोड्या, म्हणजे ज्यांतले विशेषण कुठल्याही वस्तूला चालते अशा, सोडून ‘हेवी रेन’, ‘हाय टाईड’ यांसारख्या ठरलेल्या जोड्या तेवढ्या ठेवाव्यात.

पुढची पायरी मात्र सावकाश करावी. जोडी वहीत उतरवताना पानाच्या डोक्यावर नाम लिहावे, विशेषण नव्हे. मी कित्येक वर्षे याच्या उलट करत होते. विशेषणे आणि त्यांचे समानार्थी शब्द पाठ करत होते, आणि ‘स्ट्रॉन्ग’शेजारी ‘पॉवरफुल’ असल्यामुळे ‘पॉवरफुल टी’ निःशंकपणे लिहीत होते. फोर्टमधील एका कचेरीत असताना उशिराचे कारण म्हणून मी ‘स्ट्रॉन्ग रेन’ लिहिले, साहेबांनी ते लाल शाईने खोडून ‘हेवी’ केले, पण असे का, हे मला कोणीच सांगू शकले नाही. आपला पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत मात्र पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्रॉन्ग’ असतो. यामागे व्याकरणाचा नियम नाही, वहिवाट आहे. आपणही पाऊस मुसळधार, ऊन रणरणते आणि काळोख मिट्ट म्हणतो, आणि त्यांची अदलाबदल कोणी करत नाही.

‘कडक’ या एका शब्दाने माझ्या विद्यार्थ्यांना जितके अडवले आहे, तितके दुसऱ्या कशानेही नाही. कडक चहा ‘स्ट्रॉन्ग’, कडक शिक्षक ‘स्ट्रिक्ट’, कडक शिक्षा ‘सिव्हिअर’, कडक इशारा ‘स्टर्न’ आणि कडक थंडी ‘बिटर’. ‘कडक’पासून निघालेला माणूस या पाच वाटांवर चुकणारच, चहा, शिक्षक, शिक्षा यांपासून निघालेल्याला मात्र प्रत्येक वेळी एकच वाट दिसते. ‘उंच’चेही तसेच आहे: इमारत आणि मुलगा ‘टॉल’, डोंगर मात्र ‘हाय’. म्हणून रोज दहा सुटे शब्द पाठ करा, हा सल्ला मला साफ अमान्य आहे. सुट्या शब्दाने अर्थ कळतो, वाक्य लिहिता येत नाही. शब्दांच्या या सोबतीला ‘कोलोकेशन’ हे नाव ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात रूढ केले. त्याआधी १९२० च्या दशकात ते लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते.

शंका आल्यास ऑक्सफर्डचा कोलोकेशन्स कोश पाहावा. २००२ साली प्रथम निघालेल्या या कोशात नामाखाली त्याची विशेषणे आधी दिलेली असतात, त्यामुळे तिथेही नामच शोधावे.

मग प्रत्येक जोडीचे आपल्या दिवसातले एक वाक्य लिहावे.

आठवड्याने विशेषणांवर पट्टी ठेवून फक्त नामे वाचावीत, आणि ज्या नामाचे विशेषण आठवणार नाही, ते पुढच्या बातमीत मुद्दाम शोधावे.