कंपनीची नोकरी सोडून विधानसभा लढवायची असेल तर

मी सीए आहे, पुण्यात उमेदवारांच्या खर्चाचे हिशोब सांभाळतो. कंपन्यांतले वरिष्ठ अधिकारी येतात आणि आधी तिकिटाचं विचारतात. मी त्यांना मतदार यादीतलं नाव शोधायला लावतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं आणि वय 25 पूर्ण असलं, तर कायद्याने अर्ज भरता येतो. तरी जिथे लढायचं तिथेच राहा आणि नाव तिथे हलवून घ्या. मत मागायला जाल तेव्हा लोक हे विचारतातच.

मग कंपनीचे कागद. इथे घाई करू नका. स्वतःच्या किंवा भागीदारीच्या धंद्यातून राज्य सरकारला माल पुरवण्याचं किंवा काम करून देण्याचं कंत्राट चालू असेल, तर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 9अ तुम्हाला अपात्र ठरवतं. काम पूर्ण करून दिलंय, फक्त बिल थकलंय, तर अडचण नाही. ज्या कंपनीत सरकारचं भांडवल 25 टक्के किंवा जास्त आहे, तिथल्या व्यवस्थापकाला किंवा सचिवाला कलम 10 लागू शकतं. म्हणून राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय अर्ज भरू नका.

अर्जासोबत द्यायच्या नमुना 26 च्या प्रतिज्ञापत्रात तुमची, जोडीदाराची, अवलंबितांची मालमत्ता आणि कर्जं येतात. कंपनीने दिलेले शेअर्सही लिहा. एकही रकाना कोरा ठेवू नका, काही नसेल तिथे 'निरंक' लिहा.

नंदन निलेकणींनी 2014 मध्ये 7,700 कोटींच्या आसपासची संपत्ती जाहीर करून दक्षिण बंगळुरूतून काँग्रेसतर्फे लोकसभा लढवली. इन्फोसिस आणि आधारमुळे त्यांचं नाव घरोघरी पोचलेलं होतं. समोर 1996 पासून तिथून निवडून येणारे अनंत कुमार होते. निलेकणी दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. त्याच 1996 मध्ये आमच्याच व्यवसायातले, सारस्वत बँकेचं अध्यक्षपद सांभाळलेले सुरेश प्रभू राजापुरातून पहिल्यांदा जिंकले आणि पुढे सलग तीनदा निवडून आले. त्यांच्या पाठीशी गावोगावच्या शिवसेनेच्या शाखा होत्या. मला यात फरक दिसतो तो बूथवरच्या माणसांचा. विधानसभेला शेकडो बूथ असतात. प्रत्येक बूथवर यादीतली घरं ओळखणारा एक तरी माणूस हवा, आणि तो जाहिरात देऊन मिळत नाही. तो जोडायला निदान वर्षभर आधी संध्याकाळी वस्त्यांमधून फिरा. पाण्याच्या, रेशन कार्डाच्या तक्रारी ऐका आणि अर्जांचा पाठपुरावा स्वतः करा.

पैशाचं थोडक्यात. अनामत 10,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 5,000. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. खर्चाची मर्यादा 40 लाख. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी बँकेत वेगळं खातं उघडा आणि सगळा खर्च त्यातूनच करा. अपक्ष असाल तर सूचक म्हणून, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करायला, त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात. निकालानंतर 30 दिवसांत हिशोब दाखल करावा लागतो, हरलात तरी. नाही केला तर तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी येऊ शकते.